बिब्याचे आकडे

हे प्रकरण मी किती वेळा पुढे ढकललं ते माझं मलाच ठाऊक. शाळेतले दिवस लिहून झाले, विहिरीतलं पोहणं लिहून झालं, लग्नाची गंमतही लिहून झाली. ह्या एका गोष्टीपाशी आलो की मी वही मिटून गुरांना पाणी दाखवायला उठायचो. आता गुरंही राहिली नाहीत. माझ्या छातीवर डाव्या अंगाला एक फिकट तपकिरी खूण आहे. मुलांनी लहानपणी विचारलं तेव्हा मी गरम तेलाचा चटका म्हणून सांगितलं. बायकोलाही तेच सांगितलं. यंदा दिवाळीत नात आली. ती कॉलेजात झाडांचा अभ्यास करते. वही उघडून म्हणाली, "आजोबा, बिब्याचे उपयोग सांगा." मी उत्साहानं सांगत सुटलो. खोकल्याला गरम बिब्याचा एक थेंब दुधातून देतात, टाचांच्या भेगांना लावतात, बैलाच्या खुराला लावतात, पाळण्याला आणि दाराला बांधतात, गोडंबी लाडवात घालतात. तिनं सगळं भराभर लिहून घेतलं आणि म्हणाली की अमेरिकेतही असंच एक पान गळणारं झाड आहे, बिब्याच्याच कुळातलं. त्याचा चीक अंगाला लागला की फोड येतात आणि हवेत तो काळा पडतो. तिथले जुने लोक त्या कुळातल्या चिकानं वस्तू काळ्या रंगवायचे म्हणे. "आपल्याकडे बिब्यानं असं काही रंगवायचे का हो?" मी म्हणालो, "नाही, आपल्याकडे नाही." या वयातही तोंडातून खोटंच निघालं. ती गेली आणि मी ही वही काढली.

आमचं गाव कामरगावकडून कारंज्याला येताना उजव्या हाताला राहतं. शिवारात कपाशी, बांधांवर बिबे. थंडी सरता सरता झाडाची पानं गळून जायची आणि उघड्या फांद्यांवर काळी फळं नि त्यांच्या बुडाशी नारिंगी रंगाची गरेदार फुलं दिसायची. त्याला आम्ही बिबफूल म्हणायचो. चुलीच्या गरम राखेत बिबफुलं भाजून खाताना जीभ जराशी चरचरायची, घसा आवळायचा, तरी हात थांबायचा नाही. खाली बीमध्ये मात्र काळं तेल. ते अंगाला लागलं की माणूस उततो, म्हणजे सुजतो, फोड येतात, डोळे मिटून जातात. आणि त्या तेलाच्या आत, कवचाच्या पोटात, पांढरीशुभ्र गोडंबी. माय वांग्याच्या रश्श्यात गोडंबी वाटून घालायची, वर तिखटाची तर्री. त्या दिवशी बा भाकरी मोजायचे नाहीत.

ती गोडंबी फोडायची शेवंतामावशी. माझ्या मित्राची, गौतमची आई. बौद्ध वस्तीतलं तिचं घर गावाच्या खालच्या अंगाला होतं आणि सकाळी उठल्यावर मला कोंबड्याआधी तिची ठक-ठक ऐकू यायची. दगडावर बिबा उभा धरायचा, हातोडीचा एकच घाव, तेल एकीकडे, गोडंबी एकीकडे. हाताला राख चोळलेली असायची, तरी तिची बोटं काळी पडून सालपटली होती. गावातले सगळे आपापल्या बांधावरचे बिबे तिच्याकडे द्यायचे आणि फोडलेल्या गोडंबीतला तिचा वाटा तिला मिळायचा. तिचं घर त्यावर चालायचं. ती आमच्याकडे आली की अंगणात बसायची. तिच्यासाठी कानतुटका कप कोनाड्यात वेगळा असायचा. मी तिच्या घरी गेलो की तिला मावशी म्हणायचो. आमच्या अंगणात ती आली की मी काहीच म्हणायचो नाही. हेही लिहून ठेवायला हवं.

त्या वर्षी आम्हा पोरांच्या अंगात कबड्डी संचारली होती. मी सतरा-अठरा वर्षांचा असेन. नांगरलेल्या वावराच्या कडेला आम्ही मैदान आखलं होतं आणि रोज संध्याकाळी धुरळ्यातून आमची फक्त डोकी दिसायची. माझे चुलते नारायणकाका शिट्टी घेऊन उभे. गौतम आमचा चढाईचा गडी. बारीक, उंच, पाय इतके लांब की समोरचा त्याला धरायला वाकला की हा रेषेवर पोचलेला असायचा. मी पकडीत पक्का. चढाईला आलेल्याचा घोटा एकदा माझ्या हातात आला की तो सुटायचा नाही. कारंज्याला दोन दिवसांचे सामने ठरले आणि आमच्या संघाचं नाव त्यांनी घेतलं, तेव्हा गावात जे काही झालं ते काय सांगू! आमच्या गावाचं नाव छापील कागदावर पहिल्यांदा आलं होतं. बांनी तो कागद चष्मा लावून दोनदा वाचला. पण त्याच कागदात खाली एक ओळ होती. काका ती मोठ्यानं वाचत म्हणाले, "छातीवर आकडा पायजे म्हन्ते. आकडा नसन त मैदानात पाय ठेवू देनार नाई."

"मंग लिवू ना आकडा, त्यात काय!" आमचा दांडगा रामा म्हणाला. त्यानं घराच्या दाराला लावून उरलेला हिरवा रंग आपल्या बनियनवर चोपडला. पहिल्याच पकडीत तो रंग पापडासारखा तडकला आणि त्याचे कपचे सगळ्यांच्या तोंडात गेले. आम्ही हसून हसून लोळलो. "रामा, तू खेळून राह्यला का दार उघडून राह्यला?" गौतम म्हणाला. हसू ओसरलं आणि काळजी लागली. चार दिवस उरले होते. आणि मला एकदम सुचलं. आमच्या गावचे परीट कपडे ओळखू यावेत म्हणून कॉलरच्या आत बिब्याची खूण करायचे. ती खूण कापड फाटेपर्यंत जायची नाही. मी ओरडलोच, "बिबा! बिब्याचे आकडे!" काकांनी शिट्टी तोंडातून काढली. "पोट्ट्याचं डोस्कं चाल्ते बाप्पा," ते म्हणाले. त्यांनी सातही बनियन माझ्या हवाली केले. इतका मोठा मी त्याआधी कधी झालो नव्हतो.

मी आणि गौतम तसेच पळत मावशीकडे गेलो. तिनं हातोडी खाली ठेवली, बनियनांचा ढीग पाहिला आणि म्हणाली, "कबड्डी खेळनारे का भरतकाम करनारे रे तुमी?" मग मात्र तिला आमच्याइतकाच चेव आला. अर्धकच्चा बिबा निवडला, त्याला दाभणानं टोचलं, खराट्याची काडी ठेचून तिचा कुंचला केला आणि गौतमचा बनियन पाटावर ताणून त्यावर सातचा आकडा काढला. आधी नुसता तपकिरी ओघळ दिसत होता. आम्ही श्वास धरून बघत राहिलो. हवा लागली तसा तो गडद होत गेला आणि थोड्या वेळात काळाभोर सात उमटला, रुबाबदार, किंचित पुढे झुकलेला, जणू तोही चढाईला निघाला होता. गौतम नाचायलाच लागला. मावशी म्हणाली, "नाच मंग, आदी आयक. दिनू, तूबी आयक. बिबा काळा झाला म्हून मेला समजू नोको. थो जित्ताच राह्यते. चुन्याच्या निवळीत रातभर बुडवून ठेवजो. मंग दोन पान्यानं धुजो. दोन उनं दाखवजो. मंगच आंगात घालजो. समजलं का?" मी मान हलवली. ती म्हणाली, "नुसती मान नोको हालवू, बोलून दाखव." मी सगळं पाठ म्हणून दाखवलं. ती हसली. गौतमचा बनियन तिनं स्वतःच निवळीत टाकला. बाकीचे सहा बनियन आणि पदरात बांधलेले बिबे मला दिले आणि निघताना तेच सगळं पुन्हा एकदा बजावलं.

घरी येऊन मी मायला सांगितलं. तिनं लगेच मडक्यात चुना भिजत घातला आणि वर निवळी येऊ दिली. "तुयं झालं की यात टाक," ती म्हणाली. मी दोन दिवस आकडे काढत बसलो. हात थरथरू नये म्हणून जीभ दातांत धरून बसायचो. बोटांना राख चोळलेली. एक आकडा बिघडला की पुन्हा गिरवायचो. रामाचा दोन, चुलतभावाचा तीन, माझा पाच. माझ्या पाचावर तर मी तिसऱ्यांदा बिबा फिरवला, सगळ्यांत काळा तोच दिसावा म्हणून. शेवटचा आकडा सुकला तेव्हा दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसनं निघायचं होतं. मैदानावरून हाका येत होत्या. ओले बनियन वाळणार कधी आणि दोन उनं दाखवणार कधी? मी एका आकड्यावर साबणाचं पाणी चोळून पाहिलं. एक कणही गेला नाही. पक्का बसलाय की, मला वाटलं. मावशी उगाच काळजी करते, बायकांची सवयच. सहाही बनियन घडी घालून पिशवीत ठेवले आणि सरावाला पळालो. मैदानावर काकांनी विचारलं, "सांगतलं तसं केलं ना सगळं?" मी म्हणालो, "हो, सगळं केलं." मडक्यातली निवळी तशीच राहिली, वर पातळ साय धरून.

कारंज्याचा तो पहिला दिवस! आजही डोळे मिटले की मला तो धुरळा, ती शिट्टी आणि माणसांची ती भिंत दिसते. बसमध्ये आम्ही पत्र्यावर हात आपटत गेलो. मैदानात उतरलो आणि आमचे काळेभोर आकडे बघून समोरचा संघ एकमेकांना कोपरानं ढोसायला लागला. त्यांचे आकडे खडूचे होते, पहिल्या पकडीतच पुसले गेले. आम्हाला तोवर कुणी ओळखत नव्हतं. पण तासाभरात सगळं मैदान ओरडत होतं, "सात नंबर! सात नंबर!" गौतम दम न सोडता आत शिरायचा, एकाला टाच लावायचा, दुसऱ्याला बोट लावायचा आणि तिसरा धावून येईपर्यंत रेषेवर उभा राहून हसायचा. एकदा त्यांचा सगळ्यांत भारी गडी आमच्यात शिरला आणि मी खाली झेपावून त्याचा घोटा धरला. तो मला दोन हात फरफटत घेऊन गेला, तोंडात माती गेली, तरी मी सोडला नाही. मागून रामा त्याच्यावर पडला. "शाबास पाच नंबर!" कुणी तरी ओरडलं. मला माझ्या नावानं कुणी हाक मारली असती तरी एवढा आनंद झाला नसता. आम्ही तिन्ही सामने जिंकलो. घामानं बनियन अंगाला चिकटले होते आणि ते काढायचं कुणाला सुचलं नाही. दिवस मावळेपर्यंत आम्ही ते आकडे मिरवत कारंज्याच्या बाजारातून हिंडलो.

सकाळी रामाच्या ओरडण्यानं जाग आली. त्याचे डोळे सुजून फटी झाले होते. मग एकेक जण उठला, एकेकानं सदरा वर केला. प्रत्येकाच्या छातीवर त्याचा आकडा उठला होता. लाल, फुगलेला, बारीक पाणेरी फोडांनी भरलेला, लांबून वाचता येईल असा. दोन, तीन, चार, सहा, एक. आणि माझ्या छातीवर पाच, सगळ्यांत ठसठशीत. आग होत होती. कुणी खोबरं चावून छातीवर लावलं, कुणी तेल आणलं. काकांनी संयोजकांशी भांडून सदरे घालून खेळायची परवानगी मिळवली. गौतम एकटा धड होता. अंतिम सामन्यात तो एकटाच लढला. चढाईमागून चढाई, दम लागून छाती भात्यासारखी हलत होती. पण त्यानं गडी बाद करावेत आणि आमच्या पकडी सुटाव्यात, असं सुरू होतं. माझ्या हातात त्यांच्या गड्याचा घोटा आला होता. माझी छाती त्याच्या पायाला घासली आणि मी ओरडून तो सोडून दिला. थोडक्यात हरलो.

परतीच्या बसमध्ये जो तो सदरा छातीपासून लांब धरून बसला होता. बस गावच्या वळणाला लागली तेव्हा काका वळून म्हणाले, "गौत्या, सदरा वर कर."

गौतमनं केला. त्याची छाती स्वच्छ होती, एक पुरळही नव्हता.

"तुयंच आंग कसं काय बरं राह्यलं रे?"

"मायनं चुन्यानं धुतलं व्हतं, काका."

"म्हंजे तिले मालूम व्हतं," काका म्हणाले. "आपल्या पोट्ट्याचं धुतलं अन् आमच्या पोट्ट्याईले जाळलं." रामा पुढे बघत होता. मी खिडकीतून बाहेर बघत होतो. माझ्या तोंडाशी शब्द आले होते. पण स्टँडवर पहिल्या दिवसाची बातमी ऐकून ताशे घेऊन लोक उभे होते, बा उभे होते, आणि मला वाटलं, घरी गेल्यावर सांगू.

दुसऱ्या दिवशी पारावर माणसं जमली. कुणी म्हणालं तिनं मुद्दाम कच्चा बिबा दिला, कुणी म्हणालं करणी आहे. शेवंतामावशीला बोलावलं नव्हतं, ती आपणच आली. हातात गौतमचा बनियन होता. तिनं तो सगळ्यांसमोर उलगडून धरला आणि म्हणाली, "हा पाहा. यालेबी थोच बिबा लावला हाये. म्या या पोट्ट्याले सांगतलं व्हतं, निवळीत ठेवजो, धुजो, उनं दाखवजो. दोनदा सांगतलं. पाठ म्हनून घेतलं त्याच्याकून. इचारा त्याले." तिनं माझ्याकडे बोट दाखवलं. गौतम मागून म्हणाला, "मी तिथंच व्हतो." काका म्हणाले, "पोरगं मायचीच बाजू घेईन." मग सगळे माझ्याकडे वळले. बा माझ्याकडे बघत होते. काका बघत होते, ज्यांनी आठवड्यापूर्वीच माझं डोकं चालतं म्हणून सांगितलं होतं. सदऱ्याखाली पाच ठसठसत होता.

मी म्हणालो, "मले नाई सांगतलं."

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. ती रडेल, शिव्या देईल, असं मला वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं बनियनची घडी घातली, चौकोनी, नीट, आणि म्हणाली, "बरं बाप्पा." आणि गेली. गौतम जाताना थांबला नाही.

घरी आलो तेव्हा माय परसात चुन्याचं मडकं हातात घेऊन उभी होती. निवळी काठोकाठ भरलेली. माय माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं मडकं मोरीत उपडं केलं, घासून पालथं घातलं आणि आत गेली. आम्ही दोघं त्यावर कधीच बोललो नाही. त्या दिवसापासून मायनं वांग्याच्या रश्श्यात गोडंबी घालणं सोडलं. बांनी कारण विचारलं तर म्हणाली, "मिळत नाई आता."

खरोखरच मिळत नव्हती. गावातल्या कुणीही आपल्या बांधावरचे बिबे मावशीला दिले नाहीत. त्या हाताचा बिबा नको, असं बायका एकमेकींना सांगायच्या. सकाळची ठक-ठक आधी विरळ झाली, मग थांबली. होळीच्या आत त्यांनी घर सोडलं आणि वाशिमला गेले. कबड्डीचं मैदान नांगरलं गेलं. गौतम पुढे कधी खेळला नाही, हे मला फार नंतर कळलं. तो शिकला, शिक्षक झाला, घर बांधलं. त्यांचं बरं चाललं, असं कुणी सांगितलं की मला हायसं वाटायचं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटायची. त्यांचं बरं झालं त्यात माझा काही हात नव्हता.

मी वाशिमला तीनदा गेलो. पहिल्यांदा गल्लीच्या तोंडावरून परतलो. दुसऱ्यांदा घराला कुलूप होतं आणि मला आनंद झाला. तिसऱ्यांदा, चार वर्षांपूर्वी, दार उघडं होतं. माझ्या पिशवीत माझा बनियन होता. इतकी वर्षं मी तो ट्रंकेच्या तळाशी ठेवला होता. कापड पिवळं पडून विरलंय, पाच मात्र काल काढल्यासारखा काळा आहे. तो तिच्या हातात द्यायचा आणि बोलायचं, असं ठरवलं होतं. मावशी खाटेवर बसली होती, नव्वदीची, सुपारीएवढी झालेली. गौतमनं नाव सांगितलं तशी तिनं मला जवळ बसवलं. "दिनू का रे तू? किती म्हातारा झाला!" ती हसली. चहा आला, तिघांना सारख्याच कपांत. तिनं मायचं विचारलं, बांचं विचारलं. मग माझ्या छातीकडे बघत म्हणाली, "तुया आंगावरचा डाग गेला का रे? लय भाजलं व्हतं तुले."

मी म्हणालो, "गेला, मावशी."

तिनं मान हलवली. गौतम कपाच्या कडेवरून माझ्याकडे पाहत होता. मी पिशवी मांडीवर घट्ट धरून बसलो होतो. थोड्या वेळानं उठलो, पाया पडलो, बसमध्ये बसलो. महिनाभरानं ती गेल्याचं कळलं.

नात पुढच्या सुट्टीत येईल तेव्हा तिची वही मागून घेईन आणि बिब्याचा राहिलेला उपयोग माझ्या हातानं लिहीन. हे प्रकरण गौतमलाही पाठवीन. पण त्या दिवशी बसमध्ये बसल्यावर, खिडकी लावून, पिशवीतल्या बनियनवर हात ठेवून मी जे वाक्य पुटपुटत आलो, ते जिच्यासाठी होतं तिला आता ऐकू जाणार नाही. ते असं होतं: मावशी, तुमी मले सांगतलं होतं. दोनदा सांगतलं होतं. मले पाठ होतं. म्याच निवळीत बुडवले नाई.